आधी कान

भिशीचे बत्तीस हजार
पर्सच्या आतल्या कप्प्यात, रबर लावून.
एम. जी. रोडला जिना चढून पहिल्या मजल्यावर
इम्तियाजचं दुकान. काचेखाली कॅमेरे
तोंडावर टोप्या घालून गप्प बसलेले.

म्हटलं, चांगला दाखवा. सगळ्यात चांगला.
तो म्हणाला, कशासाठी?
आता हे काय विचारणं झालं.
साडी घेताना कुणी विचारतं का, कशासाठी?
(विचारतात खरं. नेसायला की द्यायला, असं.)

सांगितलं मग, वडील तांबट आहेत,
घागरी मठारतात.
आळीत आता सकाळी चार हातोडे वाजतात,
पूर्वी मोजायचं कुणाच्या डोक्यात यायचं नाही.
तेवढं व्हिडिओत धरून ठेवायचंय.

"मग ताई, उलटीकडून सुरू करा.
लोक सगळे पैसे डोळ्यात घालतात
आणि कान उधार आणतात.
चित्र जरा धुरकट असलं तर बघणारा सोसतो,
खरखर आली की त्याचा अंगठा सरकतो."

त्यानं एक वापरलेला काढला.
पट्ट्याला कुणाच्या तरी लग्नातली हळद अजून.
सोबतची साधी लेन्स, अठरा ते पंचावन्न.
आई अठराव्या वर्षी या आळीत आली,
यंदा तिला पंचावन्नावं लागलंय.
"एवढ्यात मावतं सगळं?"
"शिकणाऱ्याला मावतं. जवळचं हवं असेल
तर दोन पावलं पुढे जायचं."

माईक मात्र त्यानं तीन मांडले, कानातले दाखवावेत तसे.
कॉलरला लावायचा, पावट्याएवढा.
कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसणारा.
आणि एक लांब, काळा, अंगावर केसाळ टोपी,
पावसात भिजून आलेल्या बोक्यासारखी.
"दोन दिवस घेऊन जा. डिपॉझिट ठेवा."

दुतोंड्या मारुतीसमोर उभी राहिले.
टोपीशिवाय: कुणी पोतं फरफटत नेतंय नुसतं.
टोपी घालून: धुण्याची आपट,
घंटा, घाटावर हिशेबावरून चाललेली बाचाबाची,
आणि खाली, अगदी खाली, पाणी.
तिथं मी रोज जाते.
पाणी वाजतं हे लक्षात नव्हतं.

घरी पहिल्याच ठोक्याला काटा लाल.
दुसऱ्याला लाल. आवाज फुटून त्याचे पत्रे झाले.
इम्तियाजला फोन. "गेन उतरवा, ताई.
उतरवा अजून. माईक वर टांगा, तोंड खाली."
कपडे वाळत घालायच्या काठीला बांधला,
काठी फळीवरच्या दोन बंबांमध्ये अडकवली.
तात्या हसले, पण हात थांबला नाही.

तात्यांना उजव्या कानानं काही येत नाही,
डाव्यानं निम्मं. हातोड्यानं नेलं, चाळीस वर्षांत.
ठोका ते आता मनगटानं ऐकतात.
आईही त्यांच्याशी बोलायचं असलं
तर फरशीवर पाय आपटते.

दुसऱ्या दिवशी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला,
आवाज पूर्ण वाढवून.
त्यांनी डोळे मिटले.
बोटं गुडघ्यावर हलत होती, ठोक्याच्या थोडी आधी.
एकदा नाक मुरडलं. "हा चुकला."
मला तर सगळे सारखे.
मग मध्येच, दोन ठोक्यांच्या फटीत,
त्यांची मान वळली. दाराकडे बघून
केवढ्यानं ओरडले:
"आलो, आलो!"

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. आई दळणाला गेलेली.
मी एक कान काढून माझ्याकडे घेतला
आणि मागे सरकवून ऐकलं:
अहो, तिसऱ्यांदा सांगतेय, चहा निवला.

चहा कालचा होता.
तात्या तोवर उठून पायात चप्पल शोधत होते.

कॅमेरा एकोणीस, लांबडा माईक साडेनऊ,
उरलेल्यात हेडफोन आणि एक कार्ड.
इम्तियाजला तो व्हिडिओ दाखवला
तर म्हणाला, फोकस मागच्या कॅलेंडरवर गेलाय,
परत घ्या.
म्हटलं, घेईन.
पण हा पुसायचा नाही.